वीस तारखेचं ब्लड प्रेशर: बडोद्यातल्या एका कुटुंबाचं प्रकरण

बडोद्याच्या जुन्या शहरात माझा दवाखाना आहे. हे प्रकरण ऑक्टोबर २०२४ ते ऑक्टोबर २०२५ या एका वर्षातलं आहे. कुटुंबाच्या संमतीनेच लिहितो आहे, आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. घरातली माणसं एकमेकांना ज्या नात्याने हाक मारतात त्याच नात्याने मीही त्यांचा उल्लेख करतो: भाऊ, वहिनी आणि भाऊंचे वडील नाना.

पार्श्वभूमी

भाऊंचं वय ४७. गायकवाडांच्या काळात बडोद्यात येऊन स्थिरावलेल्या अनेक मराठी घरांपैकी त्यांचं एक. मकरपुरा जीआयडीसीतल्या, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या, एका छोट्या इंजिनिअरिंग कारखान्यात ते हिशेब सांभाळतात. पगारपत्रक, बँक, जीएसटी, ऑडिट, सगळं एकट्याकडे. वहिनी शाळेत शिकवतात. मुलगी कॉलेजात आहे. नानांचं वय ८१, सहा वर्षांपासून पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात.

ऑगस्ट २०२४ च्या शेवटी विश्वामित्रीला पूर आला तेव्हा हे कुटुंब नदीपासून फार लांब नसलेल्या एका सोसायटीत तळमजल्यावर राहत होतं. पाणी घरात शिरलं. फ्रिज, गाद्या, नानांचा पलंग, मुलीची पुस्तकं गेली. नानांना खुर्चीत बसवून दोघांनी वरच्या मजल्यावर नेलं. त्यानंतर ते शियाबागेत नात्यातल्या एका जुन्या घरात राहायला आले. नानांना ती जागा रात्री ओळखीची वाटेना. ते उठून दार शोधायचे. त्याच सप्टेंबरात भाऊंच्या डोक्यावर ऑडिटची मुदत होती.

अडचण

१९ ऑक्टोबरला भाऊ मान आणि डोकं दुखतं म्हणून आले. रक्तदाब १५८/९८. वजन ८१ किलो, उंची १६८ सेंटिमीटर, कमरेचा घेर १०१ सेंटिमीटर (आपल्याकडच्या पुरुषांत ९० च्या वर गेला की लक्ष द्यायचं). तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, ६.१ आली. मधुमेह नव्हता, पण त्याच्या उंबरठ्यावर होते. तंबाखू नाही, दारू नाही.

मी दाबाची एक गोळी लिहून दिली आणि दवाखान्यातला छापील कागद हातात ठेवला. रोज ४५ मिनिटं चाला, मीठ कमी करा, तळलेलं बंद, साखर बंद, सात तास झोपा, ध्यान करा, ताण घेऊ नका. त्यांनी कागद नीट चार घड्या करून खिशात ठेवला. जाताना एवढंच म्हणाले, "करतो डॉक्टर, बघतो कसं जमतं."

२७ नोव्हेंबरला ते परत आले तेव्हा दाब १३८/८६ होता. मला वाटलं, गोळी लागू पडली. १९ डिसेंबरला पुन्हा १५६/९८. मी दुसरी गोळी लिहायला घेतली. चिठ्ठी लिहून होते आहे तोवर भाऊंनी विचारलं, "ही पण वीस तारखेपर्यंतच घ्यायची ना?"

पेन तिथेच थांबलं. भाऊ पहिली गोळी रोज घेतच नव्हते. डोकं जड झालं की घ्यायचे, कामाचा जोर ओसरला की बंद. त्यांच्या मते दुखणं महिन्याच्या ठरावीक दिवसांत येत होतं, म्हणून औषधही तेव्हाच घ्यायचं. शिवाय मानेसाठी औषधाच्या दुकानातून डायक्लोफिनॅक आणून ते आठवड्यातून चार-पाच वेळा घेत होते. या जातीच्या वेदनाशामक गोळ्या शरीरात मीठ-पाणी साठवतात आणि दाब वाढवतात. म्हणजे एका हाताने मी दाब उतरवत होतो आणि दुसरीकडून तो चढत होता. दोन्ही गोष्टी मी पहिल्याच भेटीत विचारायला हव्या होत्या.

दुसऱ्या गोळीची चिठ्ठी मी फाडली. पहिली गोळी रोज सकाळी दात घासल्यावर घ्यायची, डायक्लोफिनॅक बंद, मान फारच दुखली तर थोडे दिवस पॅरासिटामॉल, आणि घरी दाब मोजून वही ठेवायची, एवढंच ठरलं. मोजायचं कसं तेही करून दाखवलं: पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीला, हात टेबलावर, बोलायचं नाही, आणि एका मिनिटाच्या अंतराने दोनदा.

वहीत काय दिसलं

हिशेबनीस माणूस. वही पाहण्यासारखी होती. दाब, झोपेचे तास, रात्री किती वेळा उठावं लागलं आणि शेऱ्याचा एक रकाना.

गोळी नियमित झाल्यावर एरवीचे आकडे १३४/८६ च्या आसपास आले. घरी मोजताना १३५/८५ ही सीमा धरतात, म्हणजे तिथेच रेंगाळत होते. पण दर महिन्याला दोन ठिकाणी आकडे १४८/९४ पर्यंत चढायचे: ९ ते ११ आणि १७ ते २०. जीएसटीचं विक्रीचं विवरण ११ तारखेला आणि कर भरण्याचं २० तारखेला जातं. त्या जानेवारीत पोर्टल अडकल्यामुळे दोन्ही मुदती दोन दिवस पुढे गेल्या, १३ आणि २२. वहीतला चढही बरोबर दोन दिवस पुढे सरकला होता. इतक्या वर्षांत एवढा स्पष्ट पुरावा माझ्यासमोर क्वचितच आला आहे.

मग माझ्या आधीच्या तारखा पाहिल्या. १९ ऑक्टोबर, २७ नोव्हेंबर, १९ डिसेंबर. नोव्हेंबरमधला 'चांगला' आकडा गोळीचा नव्हता, तो तारखेचा होता.

झोपेचा रकाना जास्त गंभीर होता. सरासरी पाच तास, आणि तीही तुकड्यातुकड्यांत. नाना रात्री दोन-तीनदा उठायचे, भाऊ त्यांच्याच खोलीत झोपायचे. मुदतीच्या दिवसांत रात्री साडेबारापर्यंत लॅपटॉप. शेऱ्याच्या रकान्यात एका दिवशी लिहिलं होतं: "चाललो नाही. कागद पाळला नाही." असे सतरा शेरे होते. माझ्या छापील कागदाने त्यांच्या दिवसात आणखी एक थकबाकी वाढवली होती.

जानेवारीच्या शेवटी तासभर वेळ काढून जागतिक आरोग्य संघटनेची २६ प्रश्नांची जीवनमान प्रश्नावली मी त्यांना मराठीत वाचून दाखवली. तिचे चार भाग असतात: शरीर, मन, नातेसंबंध आणि भोवतालची परिस्थिती. शंभरपैकी गुण आले ४४, ४४, २५ आणि ५६. शरीराचा आकडा सर्वांत खाली असेल असं मी धरून चाललो होतो. सर्वांत खाली नातेसंबंध होते. तो प्रश्न वाचताना भाऊ जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मित्र आहेत. पण शेवटचं कुणाकडे कधी बसलो ते आठवत नाही."

ताणाच्या दहा प्रश्नांच्या मापावर ४० पैकी २७ आले, म्हणजे वरच्या पट्ट्यात. नैराश्याच्या प्रश्नावलीत ९. गुण दहा किंवा त्याहून जास्त आले की आपण जास्त काळजीपूर्वक तपासतो. जगणं नकोसं होण्याबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट 'नाही' होतं.

समोरचे पर्याय

दुसरी गोळी लगेच सुरू करणं सोपं होतं, आणि काही रुग्णांत तेच योग्य असतं. इथे मूळ गोळी नियमित होऊन जेमतेम महिना झाला होता आणि वेदनाशामक नुकतंच सुटलं होतं. म्हणून वाट पाहायचं ठरवलं. सरासरी १४५/९० च्या वर गेली तर मात्र थांबायचं नाही, हेही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

नोकरी बदलण्याचा विषय वहिनींनी काढला. भाऊंनी तो गंभीरपणे घेतला होता, दोन ठिकाणी चौकशीही केली होती. पण पुरानंतर घराच्या दुरुस्तीचं कर्ज डोक्यावर, नवीन जागी पुन्हा तेच ११ आणि २०, आणि इथे शेठ मनाने वाईट नाहीत. ते बाजूला पडलं.

मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावं का, यावर मी बराच विचार केला. गुण नऊवर होते, भूक आणि कामातला रस टिकून होता. शेवटी असं ठरलं की सहा आठवड्यांनी प्रश्नावली पुन्हा भरायची, गुण वाढले तर पाठवायचंच, आणि मधल्या काळात रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फुकट नंबर फोनमध्ये ठेवायचा. भाऊंनी तो माझ्यासमोर सेव्ह केला.

जिमची वार्षिक फी भरावी असं मुलीचं म्हणणं होतं. मी स्पष्ट नको म्हटलं. पाच तास झोपणाऱ्या माणसाकडून व्यायामासाठी आणखी एक तास मागायचा आणि तो झोपेतून काढायचा, हे मला पटेना.

उरला तो पर्याय म्हणजे आधी रात्र आणि मुदतीचा बोजा हलका करायचा, आणि चालणं-खाणं त्यानंतर. तोच धरला.

काय केलं

पहिलं पाऊल नानांच्या बाबतीत होतं. मी घरी गेलो. नाना रात्री का उठतात हे तोवर कुणी नीट पाहिलं नव्हतं. सगळे म्हणत होते, जागा नवी आहे म्हणून. तेही होतं. पण रात्री साडेनऊला नानांना चहा लागायचा आणि झोपताना कपभर दूध. पार्किन्सन्समध्ये रात्री लघवीला उठणं तसंही वाढतं, त्यात हे. शेवटचा चहा चार वाजता आणला, दूध सातच्या जेवणाबरोबर. पलंगाजवळ युरिनल पॉट ठेवला, संडासापर्यंतच्या वाटेवर मंद दिवा लावला, प्रोस्टेट तपासून घेतलं. नाना आठवडाभर चहावरून रुसले. वहिनींनी पुराआधीच्या घरातला, वाचलेला एकुलता एक फोटो त्यांच्या उशाशी लावला. दोन आठवड्यांत तीनदाचं उठणं एकदावर आलं. या वर्षभरात मी जे जे केलं त्यात भाऊंच्या दाबाला सर्वांत जास्त उपयोग कदाचित या चार वाजताच्या चहाचा झाला असेल.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला भाऊंच्या बहीण, ताई, नाशिकहून तीन आठवडे राहायला आल्या. त्यांना बोलावण्याचा निर्णय भाऊंसाठी फार अवघड होता. "तिचं तिचं घर आहे, तिला कशाला त्रास?" हे त्यांनी तीनदा म्हटलं. फोन शेवटी वहिनींनी केला. ताई आल्या आणि पहिल्याच रात्री म्हणाल्या, "अरे, मला कधी सांगितलंस तरी का?" त्या गेल्यावर आठवड्यातल्या तीन रात्री नानांसाठी माणूस ठेवला, पैसे ताई पाठवतात. त्या तीन रात्री भाऊ वेगळ्या खोलीत झोपतात.

दुसरं पाऊल कारखान्यात. मुदत कायद्याची आहे, ती आपल्याला हलवता येत नाही. पण तिच्या आधीची धावपळ हलू शकते का? भाऊंनी कागदावर मांडलं तर दिसलं की खरेदीची बिलं त्यांच्या टेबलावर १५ तारखेनंतर येतात, कारण ती स्टोअरमध्ये पडून असतात. शेठना काही सांगितलं की ते "थई जशे", म्हणजे होऊन जाईल, म्हणायचे, आणि भाऊ पुढे बोलायचे नाहीत. या वेळी भाऊंनी बोलायची तयारी माझ्यासमोर दोनदा केली. शेठसमोर तक्रार मांडली नाही, आकडे ठेवले: बिलं ३ तारखेपर्यंत आली तर विलंब शुल्क लागणार नाही आणि खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिटही अडकणार नाही. शेठनी मान्य केलं, शिवाय महिन्यातले चार दिवस नोंदी करायला एक मुलगी दिली. पंधरा वर्षांत हे कुणी मागितलंच नव्हतं.

व्यायामाच्या बाबतीत पहिला प्रयत्न फसला. भाऊंनी उत्साहाने कमाटीबागेत पहाटे फिरायला सुरुवात केली. सयाजीरावांनी १८७९ मध्ये उभारलेली ही बाग म्हणजे बडोदेकरांचं हक्काचं ठिकाण. पण साडेपाचला पोहोचायचं तर पाचला उठायचं, म्हणजे झोपेतला अर्धा तास गेला. नवव्या दिवशी बंद पडलं, आणि भाऊंना पुन्हा अपराधी वाटू लागलं. तेव्हा ठरवलं की चालणं दिवसाच्या मध्यात बसवायचं. जेवणानंतर जीआयडीसीच्या रस्त्यावर बारा मिनिटं, मुदतीच्या दिवसांतही. प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सुचवतात. भाऊ त्याच्या जवळही नव्हते. पण शून्यावरून ७० वर येण्याचा फायदा मोठा असतो, हे मी त्यांना वारंवार सांगत राहिलो.

मग एप्रिलमध्ये त्यांनी स्वतःच एक गोष्ट सांगितली. लहानपणी ते दांडियाबाजारात जुम्मादादा व्यायाम मंदिरात, म्हणजे आपल्या माणिकरावांच्या आखाड्यात, मल्लखांब करायला जायचे. तिथले दोन जुने सोबती अजून संध्याकाळी जमतात. मी दाब पाहिला, ईसीजी काढला आणि परवानगी दिली: मंगळवारी आणि शनिवारी, हलके सूर्यनमस्कार आणि स्नायू ताणण्याचे व्यायाम, श्वास कोंडून जोर लावायचा नाही. मल्लखांबाला हात लावायचा नाही असंही सांगितलं. ते जातात, पाऊण तास व्यायाम होतो, आणि नंतर अर्धा तास कट्ट्यावर गप्पा. तो अर्धा तास मी व्यायामाइतकाच मोजतो.

खाण्यात बंदी एकच घातली: टेबलाच्या खणातलं गाठियांचं पाकीट. गाठियांत मिठाबरोबर पापडखार असतो आणि त्यातूनही सोडियम जातं. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचाभर मीठ पुरे, असं आपण सांगतो. लोणचं, पापड आणि गाठिये मिळून ते सहज ओलांडलं जातं. त्या जागी भाजलेले चणे आणि बिनमिठाचे शेंगदाणे आले. दिवसाचे दोन चमचे साखरेचे सहा चहा तीनवर आले. रविवारचं सेव-उसळ मात्र ठेवलं. बडोद्यात राहून ते काढून घेतलं असतं तर बाकीचं काहीच टिकलं नसतं.

मार्च

आर्थिक वर्षअखेर येणार हे माहीत होतं. म्हणून फेब्रुवारीतच बसून ठरवलं की मार्चच्या शेवटच्या दहा दिवसांत काय सुटलं तरी चालेल आणि काय सुटता कामा नये. गोळी, रात्री साडेअकराला लॅपटॉप बंद, आणि नानांच्या माणसाच्या रात्री तीनऐवजी पाच, या तीन गोष्टी सुटायच्या नाहीत. चालणं, वजन, सगळं बाजूला. दाब २९ मार्चला १५०/९४ पर्यंत गेला. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात खाली आला. वहीत या वेळी 'पाळलं नाही' असा एकही शेरा नव्हता.

परिणाम

ऑक्टोबर २०२५ मध्ये घरच्या दाबाची सरासरी १२८/८२ होती, त्याच एका गोळीवर. मुदतीच्या दिवसांतला चढ अजून आहे, पण १३८ च्या पुढे जात नाही. झोप सव्वासहा तास. वजन फक्त अडीच किलोने कमी झालं, कमर ९८. साखर ६.० वर, म्हणजे फारसा फरक नाही, आणि त्यावर काम बाकी आहे. ताणाचे गुण २७ वरून १७, नैराश्याचे ४. जीवनमानाचे चार आकडे ६३, ६३, ५६ आणि ६३. नवरात्रात भाऊ मुलीबरोबर दोन रात्री गरब्याला गेले. मागच्या नवरात्रात ते घरातून आवाज ऐकत ऑडिटची बिलं लावत होते.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या भेटीत छापील कागद द्यायला नको होता. त्याऐवजी तीन प्रश्न विचारायचे होते: गोळ्या कोणकोणत्या आणि कशा घेता, रात्री किती वेळा उठता, आणि कुणासाठी. पाच मिनिटं लागली असती आणि दोन महिने वाचले असते. आता नवीन रुग्णाच्या चिठ्ठीवर भेटीची तारीख लिहितो तेव्हा महिन्याच्या कोणत्या दिवसांत काम जास्त असतं तेही विचारतो, आणि एक भेट त्या दिवसांत, एक त्याबाहेर ठेवतो.

घोरण्याबद्दल मी उशिरा विचारलं. वहिनींनी मे महिन्यात सहज सांगितलं की ते जोरात घोरतात आणि मध्येच श्वास अडल्यासारखा वाटतो. झोपेतला श्वासरोध हे दाब न उतरण्याचं नेहमीचं कारण आहे, आणि त्याची आठवण मला पहिल्याच दिवशी कमरेचा घेर मोजताना यायला हवी होती. जुलैत तपासणी झाली. सौम्य निघाला. कुशीवर झोपणं आणि वजन, एवढ्यावर सध्या आहोत.

सर्वांत मोठी चूक वेगळीच आहे. नानांचा माणूस आठवड्यातल्या तीन रात्री येतो. उरलेल्या चारपैकी दोन रात्री वहिनी नानांच्या खोलीत झोपू लागल्या, भाऊंना झोप मिळावी म्हणून. चार वाजताचा चहा त्या शाळेतून धावत येऊन करत होत्या. ताईंना फोन त्यांनी केला, कारखान्यात बोलायची तयारी घरी भाऊंकडून त्यांनी करून घेतली, वहीत झोपेचे तास भाऊ विसरले की त्यांनीच भरले. आठ महिने त्या माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून होत्या आणि मी त्यांच्या दंडाला एकदाही पट्टा बांधला नाही. जूनमध्ये भाऊंच्या भेटीला आल्या असताना जिना चढून धाप लागलेली दिसली म्हणून मोजलं. पाच मिनिटं बसवून दोनदा. १४८/९२.

मी विचारलं, "वहिनी, रात्री किती वेळा उठता?" त्यांनी भाऊंकडे पाहिलं. उत्तर भाऊंनी दिलं, "मला माहीत नाही, डॉक्टर."

त्या आठवड्यापासून नानांच्या माणसाच्या रात्री पाच झाल्या. उरलेल्या दोनपैकी एक भाऊंची, एक वहिनींची. वहिनींची वेगळी वही जूनपासून सुरू आहे. तिच्यातले रकाने भाऊंनी आखले आहेत. त्यांच्या शाळेच्या परीक्षा आणि पेपर तपासणीच्या तारखा पहिल्या पानावर लिहिलेल्या आहेत, आणि पुढची भेट त्याच आठवड्यात ठेवली आहे.